नऊ जण, एक आठवडा, कॅरिबियन: कुणाच्या ३०० डाइव्ह झाल्यात, कुणाला पोहताही येत नाही. कुठलं बेट निवडावं?

शिंपला
नमस्कार मंडळी. येत्या मार्चअखेरीस सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतील. समारंभ नको, सगळे मिळून आठवडाभर समुद्राकाठी राहू, एवढीच दोघांची इच्छा आहे. कॅरिबियनला जायचं इथवर घरात एकमत झालं, पण बेट कुठलं यावर दोन महिने घोळ चाललाय.

माणसं अशी आहेत. भावजी, म्हणजे धाकटे दीर: ३०० च्या वर डाइव्ह, त्यांना प्रवाळाच्या खोल उतरत्या भिंती आणि बुडालेली जहाजं हवीत. नवऱ्याने २०१२ मध्ये ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, केला, पण गेल्या आठ-नऊ वर्षांत हवेची टाकी पाठीवर घेतलेली नाही. मला जेमतेम पोहता येतं आणि पाण्याची थोडी धास्तीच आहे. जाऊबाई उत्तम पोहतात, त्यांना कोर्स करायचाय. मुलगी १४ वर्षांची, लहानपणी तिला दमा होता, आता औषध बंद आहे. मुलगा ११ चा, पुतण्या ८ चा. आई (सासूबाई) ६९ वर्षांच्या, पोहता येत नाही, जाड चष्मा, शाकाहारी. बाबा ७२, रक्तदाबाची गोळी चालू, चालायची आवड.

भावजींच्या यादीत बोनेर, कोझुमेल, केमन आणि बेलीझ आहेत. मी नकाशा बघून बघून थकले. ज्यांनी घरच्यांना घेऊन असा प्रवास केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला "सगळीच बेटं छान आहेत" हे नकोय, तुम्ही काय निवडलंत आणि का ते हवंय.

खारावारा
शिंपलाताई, मी तीन वेळा बोनेरला गेलोय, म्हणून आधी त्याचीच बाजू मांडतो.

बोनेर हे नेदरलँड्सचं बेट आहे. २०१० पासून ते त्यांची खास नगरपालिका आहे आणि चलन २०११ पासून अमेरिकन डॉलर. किनाऱ्याभोवतीचा सगळा समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत संरक्षित आहे, तोही १९७९ पासून. इतक्या लवकर जपणूक सुरू झाली त्याचा फरक पाण्यात उतरल्यावर डोळ्यांना दिसतो. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यावर डाइव्ह साइटचं नाव. पिकअप भाड्याने घ्यायची, मागे टाक्या टाकायच्या, दगड दिसला की थांबायचं आणि चालत समुद्रात शिरायचं. बोटीची वेळ नाही, कुणाची वाट बघणं नाही. हे स्वातंत्र्य एकदा अनुभवलं की दुसरीकडे जीव रमत नाही.

तुमच्या भावजींसाठी 'हिल्मा हूकर' नावाचं ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज आहे. गांजा सापडल्यामुळे जप्त झालं होतं, १९८४ मध्ये बुडालं आणि आता सुमारे ३० मीटरवर कुशीवर पडलेलं आहे. मिठाच्या धक्क्याखालचे खांब तर बघतच राहावेत असे, स्पंजांनी मढलेले. रात्रीच्या डाइव्हला टार्पन नावाचे माणसाएवढे मासे तुमच्याच टॉर्चच्या उजेडात शिकार करतात. शिवाय हे बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे जून ते नोव्हेंबरमध्येही लोक निर्धास्त जातात.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा माणशी ७५ डॉलर प्रवेशकर आणि वर्षाला ४० डॉलर निसर्गशुल्क होतं. जाण्याआधी ताजे दर बघा. पहिल्या दिवशी ओळखीची डाइव्ह केल्याशिवाय एकट्याने उतरू देत नाहीत, हातमोजे घालायला मनाई आहे. आणि पिकअपमध्ये मोलाची वस्तू ठेवू नका, काचाही उघड्याच ठेवा म्हणजे कुणी फोडणार नाही.

प्रवाळवेडा
मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाबद्दल कुणीतरी बोललंच पाहिजे. पालांकार आणि सांता रोसाच्या भिंती मी चाळीसेक वेळा पाहिल्या असतील, तरी दर वेळी छाती भरून येते. पाणी इतकं स्वच्छ की ३० मीटर पलीकडचा बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, स्पष्ट दिसतो. प्रवाहच तुम्हाला वाहून नेतो, पाय मारावे लागत नाहीत. गुहेच्या तोंडाशी, खडकाखाली बघा, पिवळ्या कडांचे पंख असलेला स्प्लेंडिड टोडफिश दिसेल. हा मासा म्हणजे कोझुमेलची खास ओळख.

पोहता न येणाऱ्यांसाठी एल सिएलो आहे. कंबरेएवढं पाणी, पांढरी वाळू, तळाशी तारामासे. फक्त बघायचे, उचलायचे नाहीत, पाण्याबाहेर काढले की मरतात. समोरच्या किनाऱ्यावरच्या प्लाया देल कार्मेनहून फेरीबोटीने पाऊण तासात पोचता येतं, बेटावर विमानतळही आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. प्रवाह रोज सारखा नसतो. काही दिवस झुळूक, काही दिवस नदीचा पूर. नऊ वर्षांनी पाण्यात उतरणाऱ्याला पहिल्याच दिवशी तिथे नेऊ नका.

शिंपला
खारावारा, प्रवाळवेडा, मनापासून आभार. दोन शंका. बोनेरला "चालत समुद्रात शिरायचं" म्हणता, तिथे वाळू असते का? माझ्या डोळ्यांसमोर आई आणि पुतण्या आहेत. आणि कोझुमेलला भावजी बोटीवर गेले तर परत कधी येतात?

भरतीओहोटी
मी सात वर्षं डाइव्ह प्रशिक्षक म्हणून काम केलं, त्यातली चार कॅरिबियनमध्ये. असे मिश्र गट शेकड्यांनी पाहिलेत, म्हणून जरा लांब लिहिते.

ताई, तुम्ही विचारलेले दोन प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचे आहेत. लोक बेट निवडताना प्रवाळ कुठलं सुंदर ते बघतात. यादीतल्या चारही ठिकाणी प्रवाळ सुंदरच आहे. तुमच्या घराला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सकाळी कोण किती वाजता निघतं, परत किती वाजता येतं आणि मधल्या वेळात उरलेले कुठे असतात? तुम्ही एकत्र राहायला चाललाय, आणि डायव्हिंगच्या सहली घरातल्यांची पांगापांग करण्यात पटाईत असतात.

बोनेरच्या बऱ्याच जागी वाळू नसते. प्रवाळाचे तुटके तुकडे, निसरडे खडक, आणि त्यावरून पाठीवर १५-२० किलो वजन घेऊन लाटेत पाय टाकायचा. सवयीच्या माणसाला ते स्वर्ग वाटतं, तुमच्या यजमानांना पहिले दोन दिवस घोटे सांभाळण्यात जातील. गाइड रोज सोबत नसतो, तुमचा मार्ग तुम्हीच आखायचा. म्हणजे भावजी आपोआप सगळ्यांचे गाइड होणार. सुट्टीवर आलेल्या माणसावर ते ओझं टाकू नये, आणि नात्यातल्या माणसाने नात्यातल्या माणसाला पाण्याखाली सांभाळू नये, या मताची मी पक्की आहे.

कोझुमेलमध्ये बोट सहसा दोन टाक्या घेऊन सकाळी निघते आणि दुपारी परतते. भावजी गेले की जेवणापर्यंत गेले. नवे आणि जुने एकाच बोटीवर असतील तर नव्यांची हवा आधी संपते, ते आधी वर येतात. २० मीटरवर दाब तिप्पट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा तिप्पट हवा लागते. धास्तावलेला माणूस आधीच भराभर श्वास घेतो, त्याची टाकी २५ मिनिटांत तळ गाठते.

बेलीझचं ग्रेट ब्लू होल या प्रवासातून वगळाच. सुमारे ३०० मीटर रुंद, १२० मीटरहून खोल खड्डा. बघायचं असतं ते ४० मीटरच्या आसपासचे चुनखडीचे लोंबते खांब, ते मनोरंजनाच्या डायव्हिंगच्या अगदी हद्दीवर. बोटीने जाऊन यायला जवळजवळ पूर्ण दिवस. लिटल केमनची ब्लडी बे भिंत जेमतेम ६ मीटरपासून सुरू होऊन अंधारात उतरते, माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर डाइव्ह तिथल्या. पण डाइव्ह न करणाऱ्याला त्या बेटावर आठवडा काढणं जड जाईल. ग्रँड केमन सोयीचं आहे, तिथे स्टिंगरे सिटीच्या वाळूच्या पट्टीवर कंबरभर पाण्यात आजीलाही उभं राहता येतं, पण नऊ जणांचा राहण्या-खाण्याचा खर्च विचारात घ्या, तिथला डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे.

तुमच्यासाठी माझं उत्तर रोआतान आहे. होंडुरासचं बेट, मेसोअमेरिकन प्रवाळरांगेवर. ही रांग १००० किलोमीटरच्या आसपास लांब आहे, जगात दुसऱ्या क्रमांकाची. पण मी ते सुचवतेय ते बोटीच्या वेळापत्रकासाठी. पश्चिम टोकाला वेस्ट एंड आणि वेस्ट बे इथून डाइव्हच्या जागा पाच-पंधरा मिनिटांवर आहेत. त्यामुळे तिथल्या बहुतेक बोटी एक टाकी घेऊन जातात आणि परत धक्क्याला येतात. सकाळी एक, मग परत, मग पुढची. भावजी पहिल्या डाइव्हहून येऊन आईंबरोबर नाश्ता करतील. जाऊबाईंचा कोर्स त्याच धक्क्यावर. वेस्ट बेला खरी मऊ वाळू आहे, आणि किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडे प्रवाळ पोहत जाण्याइतकं जवळ. कुणाला एखादी डाइव्ह नको वाटली तर तो सरळ वाळूवर जाऊन बसतो, त्याच्यासाठी कुणाचा दिवस बुडत नाही.

खारावारा
भरतीओहोटी, बोनेरच्या खडकांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. माझ्या बायकोचा घोटा तिथेच मुरगळला होता, ते मी आधीच लिहायला हवं होतं. पण दक्षिण कॅरिबियन सोडवत नसेल तर बोनेरच्या शेजारच्या कुरासाओ बेटाचा विचार जरूर करा. पश्चिमेकडच्या छोट्या खाड्यांमध्ये वाळू आहे, आणि 'टगबोट' नावाची साइट मिश्र कुटुंबासाठीच केल्यासारखी आहे. ५ मीटरवर छोटी बोट उभी आहे. वरून आजोबा स्नॉर्कल करतायत, म्हणजे नळीने श्वास घेत तरंगतायत, खाली नातू पहिल्या डाइव्हवर आहे आणि दोघे एकमेकांना हात करतायत, हे मी पाहिलंय. विलेमस्टॅड शहरही सुंदर आहे, १९९७ पासून जागतिक वारसा. बाबांना चालायला हवंच आहे.

निळाई
मला बेटाबद्दल नाही, माणसांबद्दल लिहायचंय. शिंपलाताई, हे तुम्ही नक्की वाचा.

काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण कॅरिबियनमधल्याच एका बेटावर गेलो. माझ्या नणंदेने सात वर्षांपूर्वी कोर्स केला होता, मधे काही नाही. डाइव्ह सेंटरने कोर्सचं कार्ड बघितलं, रिफ्रेशरचं, म्हणजे उजळणीच्या सत्राचं, विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. सगळ्यांना एकाच गाइडबरोबर १८ मीटरच्या साइटवर नेलं. खाली तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. मास्क रिकामा कसा करायचा ते ती विसरली होती. ती घाबरली आणि सरळ वर सुटली. गाइडने तिचा पाय धरला म्हणून वेग कमी झाला. कानाला इजा झाली, उरलेले दिवस पाण्यात उतरता आलं नाही. त्याहून वाईट काही झालं नाही हे आमचं नशीब.

रात्री ती म्हणाली, "मला बोटीवरच भीती वाटत होती. पण सगळे माझ्यासाठी थांबलेले, नाही कसं म्हणू?" ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. डायव्हिंगमध्ये एक जुना नियम आहे: कुणीही, कुठलीही डाइव्ह, कुठल्याही कारणाने, कुठल्याही क्षणी नाकारू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही. हा नियम प्रवासाच्या आधी घरात सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून घ्या, मुलांनाही सांगा. आणि यजमानांचा रिफ्रेशर निघण्याआधीच, तुमच्या इथल्याच एखाद्या पोहण्याच्या तलावात करून टाका.

शिंपला
निळाई, वाचून पोटात गोळा आला. आजच जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. नवरा आधी "मला आठवतंय सगळं" म्हणत होता, आता रिफ्रेशरला तयार आहे. तुमच्या नणंदबाईंना माझा नमस्कार सांगा.

मुलांचं कुणी सांगेल का? ११ आणि ८ वर्षांच्या मुलांना किती परवानगी असते? आणि मुलीच्या दम्याचं काय?

भरतीओहोटी
पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे सांगते, बहुतेक केंद्रं तेच पाळतात. ८ वर्षांच्या पुतण्याला 'बबलमेकर' करता येईल: प्रशिक्षकाबरोबर जास्तीत जास्त २ मीटर. त्या वयाला तेवढं पुष्कळ आहे, पाण्याखाली श्वास घेता येतो याचाच आनंद असतो. १० वर्षं पूर्ण झाली की ज्युनियर ओपन वॉटर करता येतो. १० आणि ११ च्या मुलांना १२ मीटरपर्यंत, तेही प्रशिक्षित पालक किंवा व्यावसायिक डायव्हर सोबत असेल तरच. १२ ते १४ ला १८ मीटरपर्यंत, प्रशिक्षित मोठ्या माणसाबरोबर. मोठ्यांसाठी साध्या ओपन वॉटरला १८, अॅडव्हान्स्डला ३० मीटर.

नुसतं चाखून बघायचं असेल तर 'डिस्कव्हर स्कूबा' आहे, एका दिवसाचा अनुभव, १२ मीटरच्या आत. शिंपलाताई, तुम्ही स्वतः हेच करा असं मी सुचवेन, कोर्सची घाई नको. जाऊबाईंनी वाचनाचा भाग आणि तलावातला सराव घरी उरकावा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह तिथे कराव्यात, याला रेफरल म्हणतात. नाहीतर सुट्टीचे दोन दिवस वर्गात जातात.

मुलाला आधी एकांतात विचारा की त्याला खरंच करायचंय का. काकाला खूश करायला हो म्हणणारी मुलं मी खूप पाहिलीत. आणि मुलं लवकर गारठतात. पाणी २७ अंश असलं तरी चाळीस मिनिटांनी ओठ निळे पडतात. त्याच्या मापाचा वेटसूट आणि छोटं बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, केंद्राकडे आहे का ते आधी विचारा.

नाडीपरीक्षा
मी डॉक्टर आहे आणि हौशी डायव्हरही. दम्याबद्दल धाग्यावर कुणीही हो किंवा नाही सांगू नये, मीही सांगणार नाही. पण भीती कशाची असते ते समजून घ्या. श्वासनळ्या आकसलेल्या असतील तर फुफ्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकते. १० मीटरवरून वर येताना बाहेरचा दाब निम्मा होतो, म्हणजे तीच हवा दुप्पट जागा मागते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून डायव्हिंगची जाण असलेल्या डॉक्टरकडून मुलीच्या फुफ्फुसांची तपासणी, गरज पडल्यास व्यायामानंतरचीही, करून घ्या. हे काम निघण्याच्या दोन महिने आधी उरका.

कारण असं: कोर्स किंवा अनुभवाच्या डाइव्हआधी प्रत्येकाला वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. त्यात दम्याचा प्रश्न आहे. 'हो' आलं की डॉक्टरच्या सहीशिवाय पाण्यात घेत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. बेटावर जाऊन डॉक्टर शोधण्यात पोरीचे दोन दिवस रडण्यात जातील. आणि काही झालं तरी खोटं 'नाही' लिहू नका.

कान. सर्दी असताना उतरायचं नाही, औषध घेऊन तर नाहीच. औषधाचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना दडे बसतात आणि फार दुखतं. दाबाचा सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्ये असतो, म्हणजे नवशिका जिथे असतो तिथेच. दुखायच्या आधी कान मोकळे करत राहायचं.

बाबांबद्दल: स्नॉर्केलिंगला लोक हलकं समजतात. पाण्यात आडवं झालं की पायातलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावर भार येतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, पोहणारा माणूस हाताच्या अंतरावर ठेवा, तरंगणारं जाकीट घालाच.

शेवटच्या दिवशी डाइव्ह नको. डॅन ही संस्था १९८० पासून डायव्हर्सच्या सुरक्षिततेचं काम करते. त्यांच्या मार्गदर्शनाप्रमाणे एकाच डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास, अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. मी २४ धरतो.

दर्याकाठ
सूनबाई, मी ७१ वर्षांची आहे. मुलगा, सून, नातवंडं सगळी डायव्हर. मी काठावरची. रोआतानला दोनदा राहून आले म्हणून तुझ्या सासूबाईंच्या बाजूने लिहिते.

वेस्ट बेच्या वाळूवर सावलीत बसायला छान आहे, पण पोटऱ्यांना सँडफ्लाय म्हणजे वाळूतल्या बारीक माश्या चावतात. सकाळ-संध्याकाळ, वारा पडला की जास्त. खोबरेल तेल चोपडून गेले की मला त्रास कमी व्हायचा. वेस्ट एंड आणि वेस्ट बेच्या मध्ये छोट्या बोटी टॅक्सीसारख्या चालतात, मला तो प्रवासच फार आवडला. क्रूझची जहाजं येतात त्या दिवशी किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. जहाजांचं वेळापत्रक आधी बघता येतं, ते दिवस दुसरीकडे घालवा. आम्ही पूर्वेला पुंता गोर्दाला गेलो. तिथे गारिफुना लोक राहतात. १७९७ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना सेंट व्हिन्सेंटहून हद्दपार करून या बेटावर आणून सोडलं. त्यांचे ढोल ऐकले, नारळाच्या दुधातली ताजी भाकरी खाल्ली. माझ्या मिस्टरांना ती दुपार सगळ्या प्रवासात जास्त लक्षात राहिली.

शाकाहाराची काळजी करू नकोस. 'बलेआदा' म्हणून गव्हाच्या जाड पोळीत घोटलेल्या घेवड्याचं सारण, चीज आणि साय घालून देतात. फक्त घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला नाही ना, हे विचारून घे. केळ्याचे काप तर सगळीकडे. बाटलीचंच पाणी प्यायचं. बेटावर बऱ्याच जणांना इंग्रजी येतं, पूर्वी तिथे ब्रिटिशांचा अंमल होता ना.

एकच मागणं. रोज एक जण, आळीपाळीने, सासूबाईंबरोबर थांबा. "तुम्ही बसा निवांत" म्हणून सगळे बोटीत चढले की मला कसं व्हायचं ते मी कधी बोलले नाही.

शिंपला
काकू, तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आळीपाळीचा तक्ता आजच करते, पहिला दिवस माझा.

घरी रोआतान जवळजवळ ठरलंय. भावजींचा एकच प्रश्न आहे की त्यांच्या पातळीचं तिथे काही आहे का.

भरतीओहोटी
भरपूर. 'एल आगीला' हे जहाज सुमारे ३० मीटरवर आहे, १९९८ च्या मिच चक्रीवादळाने त्याचे तीन तुकडे केले. दक्षिण बाजूला 'मेरीज प्लेस' म्हणजे प्रवाळभिंतीतली उभी चीर, खांदे टेकतील इतकी अरुंद, त्यासाठी तोल पक्का हवा. मार्चअखेर जाताय तर शेजारच्या उतिला बेटाजवळ व्हेल शार्क दिसण्याचा हंगाम असतो, मात्र दिसेलच असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. या तीन ठिकाणांसाठी त्यांना तीन दिवस वेगळ्या बोटीने जाऊ द्या, बाकी दिवस घरच्यांबरोबर १२ मीटरवर. पुतण्याचे पहिले बुडबुडे बघायला त्यांनी तिथे असलंच पाहिजे.

तारखा मात्र तपासा. इस्टरचा पवित्र आठवडा मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो आणि तेव्हा होंडुरासच्या मुख्य भूमीवरून प्रचंड गर्दी लोटते. पावसाचं म्हणाल तर ऑक्टोबर ते जानेवारी तिथे ओले महिने, मार्चअखेर बरीच कोरडी.

केंद्र निवडताना तीन गोष्टी पत्राने विचारा आणि उत्तर लेखी घ्या: नव्यांना वेगळा गाइड मिळेल का, एका गाइडमागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन आहे का. बेटावरचं रिकंप्रेशन चेंबर, म्हणजे डायव्हिंगमधल्या दाबाच्या आजारावर उपचार करण्याची खोली, त्या महिन्यात चालू आहे का तेही विचारा. उत्तर देताना कुणी वैतागलं तर दुसरं केंद्र बघा.

प्रवाळवेडा
कोझुमेल हरलं तरी निर्णय मला पटला. एक कळकळीची विनंती. प्रवाळाच्या ऊती झडण्याचा रोग २०१४ मध्ये मायामीजवळ पहिल्यांदा दिसला. २०१८ मध्ये मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर आला, २०२० मध्ये रोआतानला, २०२३ मध्ये बोनेरला. शेकडो वर्षांचे मेंदू-प्रवाळाचे गोळे काही आठवड्यांत पांढरे पडलेले मी स्वतः पाहिलेत. त्यावर २०२३ च्या उन्हाळ्याची गरम पाण्याची लाट. भावजी इतर बेटांवर वापरलेलं सामान घेऊन येणार असतील तर ते जंतुनाशकाने धुऊन, पूर्ण वाळवून आणा. मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवा: हात लावायचा नाही, उभं राहायचं नाही, पायातली फिन वाळूत आपटायची नाही. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला.

खारावारा
विम्याचं राहिलं. साध्या प्रवासविम्यात डायव्हिंग बहुधा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. बारीक अक्षरं वाचा आणि डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. सगळं सामान नेणं जमलं नाही तर निदान प्रत्येकाचा स्वतःचा मास्क हातातल्या बॅगेत असू द्या. न बसणारा मास्क म्हणजे गळणारा मास्क, आणि निळाईंनी लिहिलेली गोष्ट तिथूनच सुरू होते. व्हिसाचे नियम प्रत्येकाच्या पासपोर्टप्रमाणे वेगळे, नऊही जणांचे वेगवेगळे तपासा, वाटेत जिथे विमान बदलाल त्या देशाचेही.

शिंपला
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. रोआतान नक्की झालं. पवित्र आठवडा टाळून तारखा आठवडाभर अलीकडे घेतल्या, भावजींनीच विमानाची वेळ शोधली. केंद्राने तिन्ही प्रश्नांची उत्तरं लेखी दिली, नवऱ्यासाठी आणि जाऊबाईंसाठी वेगळा गाइड मिळतोय.

मुलीच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी या वर्षी टाकी नको, पुढच्या वर्षी पुन्हा बघू असं सांगितलं. ती दोन दिवस गप्प होती. मग भावजी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, तू वरून, मी खालून, एकाच कासवाच्या मागे जाऊ. तिने आता कॅरिबियन माशांची यादी केलीय, स्नॉर्कल करताना ओळखायचे म्हणून. पॅरटफिश, एंजलफिश, ट्रम्पेटफिश, सार्जंट मेजर.

मुलाला एकांतात विचारलं. कोर्स नको म्हणाला, पुतण्याबरोबर बबलमेकरच करायचंय. भरतीओहोटी, तुम्ही सांगितलं नसतं तर मी विचारलंच नसतं.

आता आईंचं. त्यांच्या चष्म्याच्या नंबरचा, उणे साडेतीनचा मास्क मागवला. रोज संध्याकाळी तलावाच्या उथळ बाजूला कठडा धरून, पाण्यात तोंड घालून त्या स्नॉर्कलमधून श्वास घेतात. पहिल्या दिवशी दहा-बारा सेकंदांत वर आल्या. काल चार मिनिटं झाली, बाबा घड्याळ धरून शेजारी उभे होते. वेस्ट बेला प्रवाळ बघायला एवढं पुरेल का?

भरतीओहोटी
पुरेल. तरंगणारं जाकीट, सोबत दोन माणसं, आणि सकाळी लवकर जा, वारा उठायच्या आत पाणी सपाट असतं. दक्षिण टोकाकडून उतरा, बोटींच्या वाटेपासून दूर राहा. पहिल्या वेळी लांब जाऊ नका. छातीभर पाण्यातही सार्जंट मेजर येतात, काळ्या पट्ट्यांचे पिवळे. आईंना म्हणावं, हात हलवू नका, ते जवळ येतील.